पिकअपमध्ये ठेवायची स्वस्त बंदूक: आधी कागद, मग कुलूप, मग बंदूक

इथे टेक्सासमध्ये आम्ही जमीन घेतली त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या रँचवरची एक कालवड फाटकाजवळच्या लोखंडी दांड्यांत पाय अडकून पडली. पाय पार मोडला होता. गुरांचा डॉक्टर त्या दिवशी पलीकडच्या काउंटीत होता. शेजाऱ्यांनी पिकअपची मागची सीट उचलली, खालच्या पोलादी पेटीचं कुलूप काढलं आणि दस्त्यावरचं पॉलिश केव्हाच उडून गेलेली एकनळी बंदूक बाहेर काढली. एका गोळीत कालवडीचे हाल संपले. त्या बंदुकीला त्यांनी वीस वर्षांपूर्वी नव्वद डॉलर दिले होते.

इकडे अशा बंदुकीला ‘ट्रक गन’ म्हणतात. ती भिंतीवर मिरवायची नसते की स्पर्धेला न्यायची नसते. कुंपणाच्या तारा, पाने-पक्कडी आणि गुरांची औषधं यांच्याशेजारी राहणारं ते एक अवजार आहे. माझ्या ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत शहराबाहेर दहा-वीस एकर घेतले, शेळ्या-कोंबड्या, दोन-चार गुरं ठेवली, आणि जवळपास प्रत्येकाने मला पहिला प्रश्न विचारला तो ‘कुठली बंदूक घेऊ?’ हा. त्याआधी विचारायचे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत, म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. तुम्ही शहरात राहत असाल, गाडी ऑफिसच्या आणि मॉलच्या पार्किंगमध्ये उभी राहत असेल आणि जमिनीवरचं काही काम नसेल, तर गाडीत बंदूक ठेवू नका. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा वाटा आता घरांतून नव्हे, गाड्यांतून जातो. ती बंदूक पुढे कुणाच्या हातात पडेल यावर तुमचा काहीच ताबा उरत नाही.

पहिली पायरी: तुम्हाला बंदूक बाळगता येते का?

आपल्या लोकांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि बंदुकींवर लिहिणारे अमेरिकन लेखक नेमकी हीच सोडून देतात, कारण त्यांना ती लागत नाही.

तुम्ही एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ अशा व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. टेक्सासचा कायदा कितीही मोकळा असला तरी हा फेडरल नियम त्याच्या वर चालतो. काही अपवाद आहेत. त्यातला आपल्याला लागू पडण्यासारखा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हातात असणं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि बंदूक मात्र पेटीत तशीच असते. २०२२ पासून या कलमाखालची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. व्हिसावर असताना मी स्वतः हा रस्ता धरला नाही. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो, शेजाऱ्यांची मदत घेतली, आणि तुम्हीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते. पण बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ते कार्ड जाऊन देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येऊ शकते. नागरिकाला जी चूक दंडावर निभावते, ती आपल्याला फार महाग पडते. म्हणून या लेखात जिथे जिथे दोन पर्याय आहेत तिथे मी कडक पर्याय सुचवला आहे.

आता घरातली एक परिस्थिती, जिच्यावर कुणी बोलत नाही. पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे, पती अजून एच-१बीवर आहे, किंवा उलट. पिकअप दोघं चालवतात. बंदूक पत्नीच्या नावावर असली तरी, ज्या पेटीची किल्ली पतीच्याही खिशात आहे त्या पेटीतली बंदूक कायद्याच्या नजरेत पतीच्याही ताब्यात धरली जाऊ शकते. अशा घरात पेटीची किल्ली किंवा कुलपाचे आकडे एकाच व्यक्तीकडे हवेत आणि दुसऱ्याने गाडी नेण्याआधी बंदूक घरच्या तिजोरीत जायला हवी. त्याहून सोपं म्हणजे दोघांचे कागद होईपर्यंत थांबणं. आणि ‘माझ्या नावावर मिळत नाही, तू घेऊन दे’ हा व्यवहार करू नका. दुसऱ्यासाठी घेताना खरेदीच्या फॉर्मवर ‘मी स्वतःसाठी घेतोय’ असं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

दुसरी पायरी: काम लिहून काढा

कागद घ्या आणि तुमच्या जमिनीवर बंदुकीचं काम नेमकं कधी पडेल ते लिहा. आमच्याकडची यादी अशी झाली: कोंबड्यांच्या खुराड्याजवळ रॅटलस्नेक, भर दिवसा झोकांड्या खात फिरणारा स्कंक किंवा रॅकून, शेळ्यांच्या पिल्लांवर टपलेला कायोटी (लांडग्याच्या जातीतला लहान प्राणी), चराऊ रान नांगरल्यासारखं उकरून टाकणारी रानडुकरं, आणि क्वचित एखादं जायबंदी जनावर.

झोकांड्या खाणाऱ्या प्राण्याला रेबीज असू शकतो. तपासणी मेंदूची होते, त्यामुळे अशा प्राण्याच्या डोक्यावर गोळी झाडू नका, त्याला हात लावू नका आणि काउंटीच्या प्राणी विभागाला कळवा. सापासाठी बंदुकीपेक्षा लांब दांड्याचा चिमटा आणि झाकणाची बादली बहुतेक वेळा पुरते. म्हणजे यादीतली दोन कामं बऱ्यापैकी गळली.

रानडुकरांचं प्रकरण मात्र खरं आहे. कोकणातल्या वाचकांना ते समजावून सांगायची गरज नाही. भाताच्या खाचरात एका रात्रीत काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं, आणि सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजही काही घरांत असते, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. पण वर सांगितलेल्या व्हिसाच्या अपवादासाठी ते लागतंच. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

प्रत्येक कामापुढे अंतर लिहा. खुराड्याजवळचं काम वीस-तीस यार्डांवरचं. कायोटी शंभर ते दोनशे यार्डांवर दिसतो आणि जवळ येत नाही. डुक्कर झुडपाच्या कडेला पन्नास ते शंभर यार्डांवर. हे अंतरच बंदूक ठरवतं.

तिसरी पायरी: पेटीचे पैसे आधी बाजूला काढा

चारशे डॉलर खर्चायचे ठरवले असतील तर त्यातले शंभर-दीडशे पेटीला ठेवा आणि उरलेल्यात बंदूक शोधा. उलटं केलं की पेटी ‘पुढच्या महिन्यात’ जाते आणि बंदूक ब्लँकेटखाली फिरत राहते.

पेटी पोलादी हवी, मागच्या सीटखाली किंवा सीटमागे बसणारी, आणि सीटच्या मूळ बोल्टांना आतून आवळलेली. नुसती वायरच्या दोरीने बांधलेली पेटी चोर मोठ्या कात्रीने मिनिटभरात सोडवून नेतो. ती दोरी दुसरा अडथळा म्हणून ठीक, एकमेव म्हणून नाही. पेटी घेण्याआधी सीटखालची जागा टेपने मोजा. बऱ्याच पिकअपमध्ये तिथे चाळीस-पंचेचाळीस इंच लांबीची सपाट जागा असते, पण उंची जेमतेम सात-आठ इंच. दुर्बीण लावलेली रायफल तिथे आडवी बसत नाही. मग एकतर साध्या नेमाची बंदूक घ्यावी लागते, नाहीतर नळी आणि दस्ता वेगळे होणारी.

जुन्या पिकअपच्या मागच्या काचेला बंदूक अडकवायची चौकट असायची आणि ती उघड दिसायची. आज ती लावू नका. बंदूक कंपन्यांचे स्टिकरही गाडीवर नकोत, कारण ते आत काय आहे ते सांगतात. पेटीत बंदुकीच्या आरपार जाणारं एक वायरचं कुलूपही लावा. हे कुलूप ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ उपक्रमातून अनेक पोलीस खात्यांकडे फुकट मिळतं.

माझं ठाम मत आहे की बंदूक पेटीत पूर्ण रिकामी असावी आणि काडतुसं वेगळ्या डबीत. याला दोन कारणं. पहिलं यंत्राचं. बऱ्याच शॉटगन-रायफलींची सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ, फक्त चाप (ट्रिगर) अडवते, काडतुसावर आघात करणारा घोडा (हातोडी) किंवा पिन अडवत नाही. खड्ड्यांतून दिवसभर आदळणाऱ्या गाडीत भरलेल्या बंदुकीच्या सेफ्टीवर विसंबणं चूक आहे. दुसरं कामाचं. यादीतलं एकही काम पाच सेकंदांत उरकायचं नाही. कुलूप काढून, दोन काडतुसं भरायला लागणारा अर्धा मिनिट तुम्हाला नेम कुठे आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे पाहायलाच हवा असतो.

चौथी पायरी: बंदुकीचा प्रकार

पिस्तूल मी यात धरतच नाही. त्याने नेम धरायला सराव खूप लागतो, कायदे जास्त कडक आहेत आणि चोरांना तेच सगळ्यात आवडतं. लांब नळीचे चार प्रकार पाहू.

एकनळी बंदूक, म्हणजे मधून मोडून एक काडतूस भरायची. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या टॉपर आणि पार्डनर या बंदुका आता नव्या बनत नाहीत, पण जुन्या बाजारात खूप फिरतात आणि दोनशे डॉलरच्या आत-बाहेर मिळतात. हिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. मोडून ठेवली की रिकामी आहे हे लांबून दिसतं. बऱ्याच मॉडेलांत एक स्क्रू काढून पुढची लाकडी मूठ सोडली की नळी वेगळी होते आणि लहान पेटीत मावते. तोटा म्हणजे दणका. हलक्या एकनळीतून बारा बोअरचं (बोअर हे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक) काडतूस उडवलं की खांदा शेकतो, आणि म्हणून लोक सराव टाळतात. वीस बोअरची घ्या, काम तेच होतं.

पंप शॉटगनमध्ये, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायच्या बंदुकीत, मोसबर्ग ५०० आणि तिचीच स्वस्त बहीण मॅव्हरिक ८८. मॅव्हरिक नवी साधारण अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते. दोघींत ठळक फरक सेफ्टीचा: ५०० ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, मॅव्हरिकची चापाजवळ आडव्या बटणाची. डावखुऱ्यांना ५०० जास्त सोयीची. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची, जुनी मिळाली आणि नळी स्वच्छ असेल तर उत्तम. शॉटगनचा फायदा असा की काडतूस बदललं की काम बदलतं: बारीक छर्रे सापाला, मोठे छर्रे पंचवीस-तीस यार्डांवरच्या डुकराला, एकसंध गोळी पन्नास-साठ यार्डांपर्यंत. कायोटी मात्र हिच्या टप्प्यात सहसा येत नाही.

.२२ रायफल. हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचांत. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बनते आहे, दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन, सुटे भाग कुठेही मिळतात. मार्लिन मॉडेल ६० जुन्या बाजारात हिच्यापेक्षा स्वस्त मिळते. आवाज कमी, दणका नाही, गोळ्या स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो आणि नव्या माणसाचा हात इथेच बसतो. पण हिने डुक्कर मारायला जाऊ नका. ते जखमी होऊन झाडीत शिरतं आणि दोन दिवस तडफडतं. कायोटीलाही ती जवळूनच आणि नेमकी लागली तर पुरते. आणि .२२ ला खेळणं समजू नका. गोळी मैलाहून जास्त लांब जाते, आणि कडक जमिनीवरून, दगडावरून, पाण्यावरून उसळते.

उरली मध्यम ताकदीची रायफल. पूर्वी इथे लिव्हरची, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर करून गोळी चढवायची .३०-३० असायची, विंचेस्टर १८९४ किंवा मार्लिन ३३६. सपाट, सडपातळ, घोड्याच्या खोगिरातून थेट पिकअपमध्ये आलेली. ती मला फार आवडते, पण आज ती स्वस्त नाही. नवी मार्लिन हजार डॉलरच्या वर जाते, आणि एवढी किमती वस्तू गाडीत ठेवायचं मन होत नाही. सोव्हिएत काळातल्या मोसिन-नागांतचंही तसंच. शंभर डॉलरच्या आत मिळायची तो काळ गेला. शिवाय तिच्यासोबत येणाऱ्या जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतला (बार पेटवणाऱ्या भागातला) क्षार नळीत राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि नळी खातो. प्रत्येक वेळी पाण्याने धुवावी लागणारी बंदूक गाडीच्या कामाची नाही.

म्हणून आज मध्यम रायफलीत बोल्टची, म्हणजे हाताने दांडा मागे-पुढे करून एकेक गोळी चढवायची, साधी बंदूक घ्यावी. सॅव्हेज ॲक्सिस चारशेच्या आसपास मिळते. रुगर अमेरिकन रँच तिच्याहून महाग, पण नळी सोळा इंचाच्या जवळपास, त्यामुळे छोट्या पेटीत बसते. .२२३ मध्ये घेतली तर कायोटीचं काम दोनशे यार्डांपर्यंत होतं, आणि डुकरालाही योग्य गोळी वापरून, कानामागे नेम धरून, शंभर यार्डांच्या आत पुरते. बोल्ट बाहेर काढून वेगळा ठेवता येतो. उरलेली बंदूक चोराच्या हाती लागली तरी बोल्टाशिवाय तिच्यातून गोळी उडत नाही.

मला एकच निवडायला सांगितलं तर? दहा-वीस एकर, शेळ्या-कोंबड्या, बंदुकीचा पहिलाच अनुभव असेल तर वीस बोअरची एकनळी किंवा मॅव्हरिक. डुक्कर आणि कायोटी हा रोजचा त्रास असेल तर .२२३ ची बोल्ट रायफल. .२२ घ्याच, पण ती सरावासाठी घरी ठेवा.

नळी लांब वाटली म्हणून कापू नका. शॉटगनची नळी १८ इंचांहून कमी, रायफलीची १६ इंचांहून कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी झाली की १९३४ चा फेडरल कायदा लागतो आणि आधी नोंदणी न करता तसं करणं हा गंभीर गुन्हा आहे.

गाडीत एका वेळी एकाच मापाची काडतुसं ठेवा. हे मी अनुभवी माणसांनाही हात जोडून सांगतो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. मागे बारा बोअरचं भरून चाप ओढला की नळी फाटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात. तसंच .३०० ब्लॅकआउटची गोळी .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) बसू शकते आणि उडवली की रायफल फुटते. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात, घाईत, या दोन्ही चुका होतात.

पाचवी पायरी: जुनी बंदूक तपासणं

दुकानात बंदूक हातात घेतली की सर्वात आधी नळी जमिनीकडे किंवा रिकाम्या भिंतीकडे करा, उघडा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. दुकानदाराने आत्ताच दाखवली असली तरी तुम्ही पुन्हा पाहा. त्यात कुणाचा अपमान नाही.

मग नळीतून उजेडाकडे पाहा. आतली चकाकी सरळ रेषेत हवी. मध्येच एक गडद कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे, ती बंदूक ठेवून द्या. गंजाचे बारीक ठिपके शॉटगनमध्ये चालतात, रायफलीत नाही. बाहेरून बोट फिरवलं तरी फुगवटा जाणवतो.

एकनळी असेल तर ती बंद करून दस्ता एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून हलवा. सांध्यात खडखड जाणवली तर झीज झालेली आहे. बाहेर घोडा असलेल्या फार जुन्या एकनळींत घोड्यावर आघात झाला तर पिन पुढे जाऊ शकते. नंतरच्या बंदुकांत घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक पट्टी असते, जी चाप पूर्ण ओढल्याशिवाय वर येत नाही. ती आहे का ते दुकानदाराला दाखवायला सांगा. नसेल तर घेऊ नका.

परवानगी घेऊन, रिकाम्या बंदुकीवर, सेफ्टी लावा आणि चाप ओढा. काही व्हायला नको. चाप सोडा, आता सेफ्टी काढा. या क्षणी ‘टक्’ झालं तर यंत्रात दोष आहे. हा दोष मी एका दुकानात प्रत्यक्ष पाहिला आहे, बाहेरून बंदूक अगदी नवीकोरी दिसत होती.

दस्त्याला तडा जातो तो मुठीच्या बारीक जागी, धातूला लाकूड मिळतं तिथे. तिथे नख फिरवून पाहा. स्क्रूची डोकी कुरतडलेली असतील तर कुणीतरी घरी उघडून पाहिली आहे. नळीवर बोअरसोबत चेंबरची लांबी कोरलेली असते. २ ३/४ इंचाच्या चेंबरमध्ये ३ इंचाचं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो. नळीवर पिळाची नक्षी दिसली तर ती जुन्या दमास्कस पद्धतीची असू शकते. ती शोभेची, उडवायची नाही.

शेवटी अनुक्रमांक. तो खरवडलेला असेल तर बंदूक खाली ठेवा आणि बाहेर पडा. १९६८ च्या आधीच्या काही स्वस्त बंदुकांवर मुळातच क्रमांक नसतो आणि ते कायदेशीर आहे, पण खरवडलेला आणि नसलेला यांतला फरक पोलिसाला समजावत बसण्याची वेळ आपण ओढवून घेऊ नये. क्रमांक असलेलीच घ्या. घरी येऊन कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची रिकॉलची सूचना आहे का तेही पाहा.

सहावी पायरी: खरेदी

परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा असतो. ओळखपत्रावरचा पत्ता सध्याचाच हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डही न्यावं, त्यावरचा नंबर लागतो. नाव पासपोर्ट, कार्ड आणि लायसन्सवर एकसारखं आहे ना ते आधी पाहा. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नुसतं अक्षर, या आपल्या जुन्या घोळामुळे तपासणी लांबते. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न आहे, आणि राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी फेडरल उत्तर बदलत नाही. तपासणीचं उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, किंवा नाही. ‘थांबा’ आलं तर घाबरू नका, सारख्या नावांमुळे ते होतं.

टेक्सासमध्ये दोन रहिवासी आपापसांत बंदूक विकू शकतात. तरी मी तसा व्यवहारही दुकानात नेऊन, थोडी फी भरून, तपासणीसह करतो. आपल्यापाशी कागद राहतो. घरी आल्यावर क्रमांकाचा आणि पेटीचा फोटो काढून गाडीबाहेर कुठेतरी ठेवा. चोरी झाली तर पोलिसांना पहिल्या फोनमध्येच क्रमांक देता यायला हवा.

सातवी पायरी: सराव आणि निगा

आधी सुरक्षेचा वर्ग करा, मग काडतुसं विकत घ्या. नेम पन्नास यार्डांवर तपासा, नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा. गाडीतल्या हादऱ्यांनी दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात. जमेल तिथे नळीवरचा साधा नेम ठेवा. जखमी जनावराला कुठे नेम धरायचा हे जनावरांच्या डॉक्टरकडून चित्रासह समजून घ्या. गाईत तो बिंदू डोळ्यांच्या मधोमध नसून बराच वर असतो, आणि चुकीच्या जागी लागलेली गोळी हाल वाढवते.

उन्हाळ्यात बंद पिकअपच्या आत ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतं. काडतुसं त्याने आपोआप उडत नाहीत, पण महिनोन्महिने तापलेली दारू खराब होते. डबीवर तारीख लिहा आणि दर मोसमात ती सरावाला वापरून नवी भरा. बॅटरीवर चालणारा लाल ठिपक्याचा नेम या उष्णतेत टिकेलच असं नाही. गंजाचं मुख्य कारण म्हणजे एसीने थंड झालेल्या लोखंडावर दमट हवा लागून सुटणारा घाम. महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसा, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि फोमला बंदूक कायम चिकटून राहू देऊ नका, तो ओलावा धरतो. प्लॅस्टिकचा दस्ता दिसायला साधा, पण गाडीत तोच बरा.

कानात घालायचे बोळे आणि चष्मा त्याच पेटीत ठेवा. गाडीच्या बॉनेटवर टेकून नेम धरताना डोळा दुर्बिणीतून पाहतो, पण नळी तिच्याखाली दीड-दोन इंच असते. नेम मोकळा दिसतो आणि गोळी बॉनेटमधून जाते. गाडीत चढण्याआधी आणि कुंपण ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करा. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे कधीही गोळी झाडू नका.

आठवी पायरी: रस्त्यावर

एका राज्यात चालतं ते शेजारच्या राज्यात गुन्हा ठरतं. पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनमध्ये गाडीत भरलेली रायफल किंवा शॉटगन चालत नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून गाडी सोडून जाताना बंदूक कुलूपबंद आणि नजरेआड ठेवणं सक्तीचं आहे. १९८६ च्या फेडरल कायद्यानुसार, दोन्ही टोकांच्या राज्यांत बंदूक कायदेशीर असेल तर मधल्या राज्यातून ती नेता येते, पण ती रिकामी आणि हाताशी नसलेली हवी. वेगळी डिकी नसेल, जशी पिकअपला नसते, तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कप्पा यासाठी चालत नाही. शाळेभोवतीच्या १,००० फुटांच्या फेडरल नियमातही रिकामी आणि कुलूपबंद पेटीतली बंदूक हा अपवाद आहे. मुलांना शाळेत सोडायला याच गाडीने जात असाल तर एवढ्यासाठीच ती पेटी घ्या. तरी राज्याचा आणि शाळेचा नियम वेगळा वाचा, आणि मी तर त्या दिवशी बंदूक घरीच ठेवतो. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हाही गुन्हा आहे.

मेक्सिकोच्या सीमेकडे ही गाडी नेऊच नका. तिथे सीटखाली विसरलेलं एक काडतूसही तुरुंगात नेऊ शकतं. कॅनडात शस्त्र आधी जाहीर करावं लागतं, फॉर्म आणि फी असते.

पोलिसांनी थांबवलं तर गाडी कडेला घ्या, आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. विचारलं तर, किंवा कागद काढायला सीटमागे हात न्यावा लागणार असेल तर आधीच, शांतपणे सांगा की मागच्या सीटखाली कुलूपबंद पेटीत रिकामी रायफल आहे. हात त्या दिशेला नेऊ नका.

आणि भारतात जाताना. सरावाला नेलेल्या सॅकच्या अस्तरात एखादी .२२ ची गोळी अडकून राहते आणि तीच सॅक डिसेंबरात मुंबईला निघते. विमानतळावर ती सापडली की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून बाळगल्याचं दिसत नाही म्हणून उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर अटक, जामीन, हुकलेलं परतीचं विमान आणि वकिलाच्या खेपा होऊन गेलेल्या असतात. माझ्या मित्राच्या आईवडिलांनी नातवाच्या भेटीचे पंधरा दिवस अशाच खेपांत घालवले. म्हणून बंदुकीच्या सामानासाठी एक वेगळी पिशवी घ्या, तिला भडक नारिंगी पट्टी शिवा, आणि ती पिकअपच्या बाहेर घरात कधीही आणू नका. जॅकेटचे खिसेही त्याच दिवशी, मैदानावरून निघण्याआधी उलटे करून पाहा.